बरणीतला समुद्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो अंगठीतला मंगळाचा खडा. फार तर वैद्यांच्या पुडीतलं प्रवाळभस्म. दोन्ही रूपं निर्जीव. शाळेत प्रवाळबेटांवर चार ओळी असायच्या, त्या पाठ करूनही प्रवाळ म्हणजे एक प्रकारचा दगड अशीच माझी समजूत राहिली. त्यामुळे घरात, काचेच्या टाकीत लोक प्रवाळ पाळतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. दगड कुणी पाळतं का?

प्रवाळ हा प्राणी आहे. समुद्रफुलांचा जवळचा नातेवाईक आणि जेलीफिशचा जरा लांबचा. एक इवलीशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती नाजूक बोटांची झालर. हा जीव आपल्या बुडाशी चुनखडीची वाटी बांधतो आणि तिच्यात बसून राहतो. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटत गेल्या की खडक तयार होतो. जीव मरतो, वाटी उरते. आपण दगड म्हणून हातात घेतो ती ही उरलेली वाटी.

हा जीव समुद्रापासून दूर, घरात जगवायचा कसा, हे कोडं पुरतं सुटायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. त्यात प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहेच. पण अनेक गाठी सोडवल्या त्या हौशी माणसांनी, आपल्या बैठकीच्या खोलीत किंवा तळघरात. हौशी माणसाला आपण फारसं गंभीरपणे घेत नाही, म्हणून ही हकिकत मुद्दाम सांगाविशी वाटते.

१८४६ सालची शरद ऋतूतली गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव आहे. तिथं ॲना थिन नावाच्या बाई हवापालटासाठी आल्या होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये वरच्या पदावरचे धर्मगुरू. बाईंना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी. टॉर्कीच्या खडकांत त्यांना जिवंत प्रवाळं दिसली. इंग्लंडच्या थंड पाण्यात वाढणारी, एकेकटी राहणारी, पेल्याच्या आकाराची. ती लंडनला न्यायचीच असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी काय केलं पाहा. एक मोठी दगडी बरणी घेतली, तिच्यात समुद्राचं पाणी भरलं. प्रवाळं बरणीच्या तळाशी एकमेकांवर आपटू नयेत आणि सगळीकडून पाणी खेळतं राहावं, म्हणून एका मोठ्या स्पंजाला ती सुईदोऱ्यानं टाचली. शिवणाच्या डब्यातली सुई! प्रवाळं लंडनला जिवंत पोचली. तिथं काचेच्या भांड्यांत त्यांची सोय झाली आणि दर दिवसाआड पाणी बदलायला सुरुवात झाली.

पण लंडनला समुद्र नाही. सोबत आणलेलं पाणी संपत आलं, किनाऱ्यावरून नवं मागवलं तरी ते वेळेवर पोचेल याची खात्री नाही. मग बाईंनी तेच पाणी पुन्हा वापरायचं ठरवलं. फक्त त्याआधी उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. चहा गार करतात तसं. अर्धा अर्धा, पाऊण पाऊण तास. हे काम बाईंची एक लहानगी मोलकरीण करायची. तिला ते काम करमणुकीसारखं वाटायचं असं बाईंनी लिहून ठेवलं आहे. तिला खरोखर काय वाटायचं ते तिला कुणी विचारलं नाही, आणि बाईंनी तिचं नावही लिहिलेलं नाही. आज कुठल्याही प्रवाळाच्या टाकीत पाणी हलतं ठेवणारे छोटे पंप असतात. ते चार तास बंद पडले तर मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. त्या पंपांचं काम त्या मुलीनं लंडनच्या खिडकीत उभं राहून केलं होतं.

पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, बाईंनी समुद्रातल्या वनस्पती मागवून भांड्यांत ठेवल्या. वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात. दोघांचा मेळ बसला आणि ओतण्याचं काम हळूहळू कमी झालं. अशा रीतीनं बाईंनी प्रवाळं सुमारे तीन वर्षं जगवली, वाढवली, त्यांची पिल्लंही पाहिली. याच तत्त्वावर गोड्या पाण्याची टाकी चालवून रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं १८५० साली ते शास्त्रापुढे मांडलं. त्यामुळे शोधाचं श्रेय बराच काळ त्याच्याच नावावर राहिलं. बाईंची टिपणं छापून आली ती १८५९ मध्ये.

बाईंच्याही आधी, १८३२ च्या सुमारास, सिसिली बेटावर जान विलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी काचेच्या टाक्या करून घेतल्या होत्या. कागदी शिंपल्याचा ऑक्टोपस आपलं कवच स्वतः तयार करतो की दुसऱ्याचं पळवतो, हा वाद त्यांनी त्या टाक्यांत बघून मिटवला. कवच तो स्वतःच करतो. या बाई मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. सागरी मत्स्यालयाचा उगम शोधायला गेलं की दोन्ही वेळा हाताशी सुईदोरा लागतो, हा योगायोग मला फार आवडतो.

त्यानंतर जे झालं ते मात्र आवडण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकानं १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक काढलं. ओघवती भाषा, सुंदर रंगीत चित्रं आणि घरी समुद्राचं पाणी कसं तयार करावं याची कृतीसुद्धा. झालं! घरोघरी टाक्या आल्या. सुट्टीच्या दिवशी माणसं टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरू लागली. खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुलं, प्रवाळं, जे दिसेल ते खरवडून नेलं गेलं. त्यातलं बहुतेक चार-आठ दिवसांत घाण पाण्यात मेलं. दहाएक वर्षांत लाट ओसरली, टाक्या अडगळीत गेल्या. किनारे मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहिल्या. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून पाहिलेले ते किनारे आता उजाड झाले, आणि त्याला आपल्या वडिलांची पुस्तकंच कारण झाली, ही खंत त्यात आहे. वडील सज्जन होते, निसर्गावर त्यांचं प्रेमच होतं. पण प्रेमानंही किनारा ओरबाडला जातो.

आता जरा उष्ण समुद्राकडे जाऊ. ॲनाबाईंची प्रवाळं थंड पाण्यातली, आपलं अन्न झालरीनं पकडून खाणारी. उन्हाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण आपण चित्रांत पाहतो ती रंगीबेरंगी, फांद्यांची प्रवाळं उष्ण प्रदेशातली. ती आणून लोकांनी टाकीत ठेवली, वेळेवर खायला घातलं, तरी ती झुरून पांढरी पडायची.

याचं कारण त्यांच्या शरीरातच दडलेलं होतं. या प्रवाळांच्या पेशींत सोनेरी-तपकिरी रंगाचे सूक्ष्म शैवाल राहतात. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानं १८८१ मध्ये त्यांना नाव दिलं. पण हे पाहुणे तिथं नेमकं काय करतात, हे कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आयल्स नावाच्या चिमुकल्या बेटावर वर्षभर मुक्काम करून राहिली. प्रवाळाच्या अभ्यासाला खरा पाया तिथं मिळाला. पुढे १९५० च्या दशकात किरणोत्सारी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांतून दिसलं की शैवाल उन्हात तयार केलेलं अन्न यजमानाला देतो. उजेडात प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगानं बांधतं, हेही त्याच दशकात सिद्ध झालं. म्हणजे हा प्राणी निम्मा झाडासारखा जगतो. त्याला नुसतं खायला घालून भागत नाही, ऊन द्यावं लागतं. पाणी फार तापलं की प्रवाळ या पाहुण्यांना हाकलून देतं आणि स्वतः पांढरं पडून उपाशी मरायला लागतं. आज वर्तमानपत्रांत ‘विरंजन’ म्हणून जे येतं ते हेच.

घरच्या टाकीत या ज्ञानाचा उपयोग शास्त्रज्ञांच्या पाठोपाठ केला तो जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली एका अमेरिकी मासिकात त्यांनी आपली पद्धत सांगितली. त्या वेळी समुद्री टाकी म्हणजे तळाशी वाळूखालची गाळणी, त्यावर उकळून पांढरीशुभ्र केलेली मेलेली प्रवाळं आणि दर काही दिवसांनी सगळी धुवाधुवी. लींनी उलटं केलं. समुद्रातून दगड आणला तो त्यावरच्या जीवजंतूंसकट तसाच टाकीत ठेवला. वरून ऊन येऊ दिलं, हवेचे थोडे बुडबुडे सोडले. बस्स. त्यांच्याकडे माशांबरोबर प्रवाळंही जगत होती.

न धुतलेला दगड का चालतो, हे मला माझ्या एका जुन्या पापामुळे चटकन पटलं. शाळेत असताना माझ्याकडे गप्पी माशांची बरणी होती. पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून एका रविवारी मी आणि आईनं मिळून ती आतून लख्ख घासली, खडे धुण्याच्या सोड्यात भिजवून स्वच्छ केले, नवं पाणी भरलं. मंगळवारपर्यंत सगळे मासे मेले. आम्ही घाण धुतली नव्हती, सफाई कामगारच धुऊन टाकले होते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडावरचे, वाळूतले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य. जिवंत दगडाच्या आत, जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं, तिसऱ्या जातीचे जिवाणू त्याचाही निकाल लावून त्याचा निरुपद्रवी वायू करून सोडतात. ही साखळी बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या टाकीत दगड, वाळू आणि खारं पाणी एवढंच ठेवायचं असतं. नवशिक्याचा पराभव बहुधा याच आठवड्यांत होतो, कारण रिकामी टाकी बघत बसणं कुणाला जमत नाही.

ली यांच्या पद्धतीला जकार्ताचं ऊन लागत होतं. बर्लिनमध्ये ते कुठून आणायचं? म्हणून पुढची पायरी चढले ते जर्मन हौशी लोक. त्यांनी भट्टीसारखे प्रखर मेटल हॅलाइड दिवे टाकीवर टांगले. वरण शिजताना वर येणारा फेस आपण पळीनं काढून टाकतो ना, तसा पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्यांच्या फेसात गोळा करून बाहेर काढणारं प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र वापरलं. आणि त्यांना एक कोडं सुटेना. सगळं ठीक असूनही दगडी सांगाड्याची प्रवाळं काही महिन्यांनी वाढायची थांबत.

कोडं सोडवलं चुन्यानं. पीटर विल्केन्स यांनी १९७३ च्या आपल्या जर्मन पुस्तकात उपाय सांगितला तो चुन्याच्या निवळीचा. प्रवाळ सांगाड्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेत असतं. समुद्र अफाट, तिथं काही कमी पडत नाही. टाकीत शंभर-दोनशे लिटर पाणी, तिथला साठा काही आठवड्यांत आटतो. तेव्हा रोज जेवढं पाणी वाफ होऊन उडतं तेवढीच चुन्याची निवळी थेंबथेंब परत सोडायची. पान खाणाऱ्या घरातल्या चुन्याच्या डबीवर जे स्वच्छ पाणी सुटतं, लहान मुलांच्या पोटदुखीवर आजी ज्या निवळीचे थेंब द्यायची, तीच ही निवळी. जर्मन हौशी लोक तिला ‘काल्कवासर’ म्हणतात आणि जगभर तोच शब्द रुळला आहे. ती फार तिखट, म्हणून एकदम ओतायची नाही; बरेच जण ती रात्री सोडतात. दर्दी लोक आता कॅल्शियम आणि क्षारता वेगवेगळी मोजून यंत्रानं मात्रा देतात. निवळी मागे पडली आहे, पण संपलेली नाही.

जिवंत दगड, स्किमर, प्रखर दिवा, चुना: या मेळाला ‘बर्लिन पद्धत’ असं नाव पडलं. त्याच शहरातल्या डीट्रिख स्ट्यूबर या हौशी गृहस्थांनी १९८० च्या दशकात हरणाच्या शिंगांसारखी फांद्या फुटणारी, जगवायला अवघड समजली जाणारी प्रवाळं घरात वाढवली. वाढली की फांदी मोडायची आणि मित्राला द्यायची. तुळशीची मंजिरी शेजारणीला द्यावी तशी. प्रवाळाची फांदी नव्या दगडावर चिकटवली की ती पुन्हा वाढते. त्यांच्या एका प्रवाळाची पिलावळ कितीतरी टाक्यांत पसरली. आज ‘फ्रॅग’ म्हणून जो छंदाचा मोठा भाग झाला आहे, त्याची सुरुवात या मोडून वाटण्यात आहे. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच लेखकाच्या लेखमालेनं अमेरिकेत हे वेड पोचवलं आणि बाजार उभा राहिला.

बाजार म्हटला की गॉस यांचे किनारे आठवतात. फिजी, इंडोनेशियाच्या समुद्रातून प्रवाळांच्या पेट्या विमानानं जाऊ लागल्या. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारानं सगळी दगडी प्रवाळं परवान्याखाली आणली. इंडोनेशियानं २०१८ मध्ये निर्यातच थांबवली आणि २०२० मध्ये ती पुन्हा सुरू केली ती समुद्रात लागवड केलेल्या प्रवाळांची. ज्या देशांत कायद्याची मुभा आहे तिथला शहाणा नवशिक्या आज समुद्रातून तोडलेलं प्रवाळ मागत नाही, कुणाच्या टाकीत वाढलेली फांदी मागतो. सुरुवात चामड्यासारख्या मऊ प्रवाळांनी किंवा अळंबीसारख्या चकत्यांनी करतो, शिंगांची प्रवाळं वर्षभर तरी लांब ठेवतो. पाणी २५-२६ अंशांवर, खारटपणा हजारात ३५ भाग. आणि बटणांसारखे जीव असलेला दगड तो कधीही उकळत नाही. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं आणि दगड उकळल्यावर त्या वाफेनं घरची माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

आपल्याकडे मात्र हा छंद सुरू करण्याआधी कायदा वाचावा लागतो. २००१ पासून दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून पिशवीत टाकणं हा गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो, तो तुकडा कुठून आला हे विचारायची जबाबदारी घेणाऱ्याचीही आहे. तेव्हा आपल्या घरच्या टाकीत मासे ठेवावेत आणि प्रवाळ स्नॉर्केल लावून समुद्रातच बघावं, असं माझं मत. काहींना ते आवडणार नाही.

पण टाकीतलं हे सगळं शहाणपण गेल्या काही वर्षांत वेगळ्याच कामी आलं आहे. प्रवाळं वर्षातून ठरावीक दिवसांत, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकाच वेळी बीजं सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद टाक्यांत ऋतूंप्रमाणे पाण्याचं तापमान बदललं, दिव्यांनी सूर्यास्त आणि चंद्राच्या कला उभ्या केल्या. २०१३ मध्ये त्यांच्या प्रवाळांनी तिथं बीजं सोडली. समुद्रापासून लांब, लंडनमध्ये, खोट्या चंद्राखाली. त्यांच्या मदतीनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडाच्या मत्स्यालयात खांबप्रवाळानं बीजं सोडली. अटलांटिकच्या प्रवाळाच्या बाबतीत प्रयोगशाळेत असं प्रथमच घडलं. रोगानं फ्लोरिडाच्या समुद्रात हे प्रवाळ जवळजवळ नाहीसं होत आलं होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्याच फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८ अंशांवर गेलं. आपल्या अंगात एवढा ताप असला तर आपण डॉक्टरकडे धावतो. शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांतली हजारो प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणली. समुद्र निवेपर्यंत ती तिथं राहिली. समुद्राला समुद्राबाहेर आसरा द्यायची वेळ आली, तेव्हा पाणी हलतं कसं ठेवायचं, उजेड किती, कॅल्शियम किती, हे माहीत असलेली माणसं हजर होती. त्यातलं बरंच त्यांना आयतं मिळालं ते तळघरांत दिवे टांगणाऱ्या मंडळींकडून.

आणि मुंबईत? मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे यावर अजूनही अनेकांचा विश्वास बसत नाही. किनारी रस्त्याचं काम आलं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. पहिल्या अनुसूचीतला प्राणी, तेव्हा रीतसर परवानगी काढावी लागली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ आणि हाजी अलीच्याच आसपास दुसऱ्या खडकांवर बसवण्यात आल्या. नंतरच्या पाहणीत त्यातल्या बहुतेक जगल्याचं सांगण्यात आलं. त्यात कपारीत वाढणारी, नाण्याएवढ्या वाट्यांची प्रवाळं होती. ॲनाबाईंनी सुईदोऱ्यानं स्पंजाला टाचलेली प्रवाळं साधारण याच बांध्याची होती.